मर्वच्या सहीचे लेबल

मित्रांनो, मी दमटपणा मोजणारा एक जुना सेन्सर आहे. साबणाच्या वडीएवढा, पांढरा, पुढे छोट्याशा काचेत आकडा दाखवणारा. माझी गोष्ट ऐकण्याआधी एवढेच करा, मी जो आकडा सांगेन त्यात चौदा मिळवा. हे चौदा कुठून आले, कोणाच्या माथी बसले आणि त्यांच्यापायी काय गेले, तेच मला सांगायचे आहे. शाबासकी मला भरपूर मिळाली. कबुली द्यायची तेवढी राहिली आहे.

माझ्या पोटात नखाच्या टोकाएवढा एक पापुद्रा आहे. हवेतला ओलावा तो पितो आणि पुन्हा सोडतो. तो किती प्यायला ते मी पाहतो आणि त्याचा आकडा करून दाखवतो. दर दहा मिनिटांनी एकदा, म्हणजे दिवसाला एकशे चव्वेचाळीस वेळा. नऊ वर्षांत पावणेपाच लाखांच्या आसपास आकडे झाले. माणसे इतक्या वेळा बोलली असती तर एकदा तरी जीभ अडखळली असती. माझी कधीच अडखळली नाही. मी अगदी न अडखळता चुकत गेलो.

दक्षिण गोलार्धातल्या गिप्सलंडमधल्या कुरिंडल गावी मी भेटवस्तू होऊन आलो. तिथल्या दुधाच्या कारखान्यात ग्लेनिस ट्रँटर चौतीस वर्षे दूध तपासत होती. ती निवृत्त झाली तेव्हा प्रयोगशाळेतल्या मंडळींनी वर्गणी काढून मला आणले. त्या प्रयोगशाळेचा एक कायदा होता. प्रत्येक उपकरणाच्या अंगावर लेबल असायचे: कधी तपासले, कोणी तपासले, पुढची तपासणी कधी. तारीख आली की जुने लेबल खरवडून काढायचे, उपकरण तपासायचे आणि मगच नवे लावायचे. ग्लेनिस या कायद्याची इतकी पक्की की लेबल नसलेल्या थर्मामीटरने ती स्वतःचा तापसुद्धा मोजत नसे.

मला तपासले मर्व किटलने. तो तिच्या शेजारच्या टेबलावर सव्वीस वर्षे बसलेला. त्याने एका बरणीत स्वयंपाकघरातले साधे मीठ घातले, ते चिखलासारखे होईल इतके पाणी घातले, त्यावर मला टांगले आणि झाकण लावले. मित्रांनो, ओल्या मिठावरच्या कोंडलेल्या हवेचा दमटपणा पंच्याहत्तर टक्के असतो. बाहेर पाऊस असो की ऊन, पंच्याहत्तर. मीठ कोणाची भीड ठेवत नाही. दुपारच्या चहापर्यंत मीही पंच्याहत्तर दाखवले. मर्वने माझ्या पाठीवर लेबल लावले आणि बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात सही केली.

"चौतीस वर्षं तुमचं दूध तपासलं," ग्लेनिस मला हातात घेऊन म्हणाली, "आणि निरोपाला मला कामच दिलंत होय रे?"

"घड्याळ दिलं असतं," मर्व म्हणाला, "तर तू ते पहिल्याच दिवशी उघडून बघितलं असतंस. हे आधीच तपासलंय. हात लावू नकोस."

सगळे हसले. तो शेवटचा शब्द ती इतका मनावर घेईल, असे तेव्हा कोणालाच वाटले नव्हते.

ग्लेनिसने घरामागच्या धुणीघरात आपली प्रयोगशाळा मांडली. कपडे धुण्याचे यंत्र व्हरांड्यात गेले आणि त्याच्या जागी काचेच्या दारांचे एक कपाट आले. प्रेशर कुकर आला, बशा आल्या, चिमटे आले. हा सगळा खटाटोप एका फुलासाठी होता. कुरिंडलच्या दफनभूमीला लागून रस्त्याकडेला एक उतार होता. त्यावर दर सप्टेंबरात कोळी-ऑर्किड फुलायचे. त्याच्या पाकळ्या कोळ्याच्या तंगड्यांसारख्या लांब, लोंबत्या. फूल काही देखणे म्हणण्यासारखे नाही. पण त्या जातीची झाडे आसपास फक्त त्या उतारावर उरली होती. ग्लेनिस दरवर्षी गुडघे टेकून ती मोजायची. मी आलो त्या वर्षी त्र्याऐंशी भरली, पुढेही तेवढीच राहिली.

या फुलाची लहर अशी की त्याचे परागण करायला एकाच जातीची गांधीलमाशी लागते, आणि बी रुजायला एकाच जातीची बुरशी. माशी दुर्मिळ झाली होती. म्हणून ग्लेनिस आणि तिचा शेजारी आल्डो ब्रेसान दात कोरायच्या काड्या घेऊन उतारावर ओणवे व्हायचे आणि या फुलाचे पराग त्या फुलाला लावायचे. आल्डो गुरे पाळणारा, पोट सुटलेला, सत्तरीला टेकलेला.

"सगळी हयात बैलांची कामं बघितली," तो कंबर धरून म्हणायचा, "आणि म्हातारपणी तू मला माशी केलंस."

"माशी निदान बडबड करत नाही," ग्लेनिस म्हणायची.

बी आले की ते माझ्या ताब्यात यायचे. ऑर्किडचे बी म्हणजे धूळच. एक शिंक आली की वर्षाची मेहनत उडाली. ते नीट कोरडे ठेवले तर वर्षानुवर्षे टिकते, दमट राहिले तर मुकाट्याने मरते, आणि मेलेले बी दिसायला जिवंत बियासारखेच असते. कपाटात पंधराच्या वर दमटपणा जाऊ द्यायचा नाही, असे ठरले होते. खाली ताटात ओलावा शोषणारे निळे मणी असत. माझा आकडा पंधराच्या वर गेला की ग्लेनिस मणी भट्टीत तापवून पुन्हा कोरडे करायची. थोडक्यात, कपाटाची किल्ली माझ्याकडे होती.

पहिली दोन वर्षे माझी नीट गेली. दर गुरुवारी मर्व यायचा. पहिल्या मोसमाचे बी पुरते सुकल्यावर त्याने ते दोन काचनळ्यांत भरले, ज्योतीवर त्यांची तोंडे वितळवून बंद केली आणि त्या फ्रिजमध्ये लोण्याच्या मागे ठेवून दिल्या. काच अशी बंद करायला हात लागतो. तो मर्वकडे होता, ग्लेनिसकडे नव्हता. मार्च आला तेव्हा त्याने मला पुन्हा मिठावर टांगले. पंच्याहत्तर! जुने लेबल गेले, नवे आले, तीच झुकलेली सही. जुलैत मर्व गेला. गुरांना गवत टाकायला गेला होता, फाटकापाशी बसला आणि उठला नाही.

पुढच्या मार्चात ग्लेनिसने वहीत बघून तारीख काढली. बरणी घेतली, मीठ भिजवले. मला कपाटातून काढून पालथे केले आणि लेबलाच्या कोपऱ्याला नख लावले. कोपरा जेमतेम उचलला गेला. मग तिचे लक्ष सहीकडे गेले. तिने अंगठ्याने कोपरा पुन्हा दाबून बसवला.

"मर्वनं तपासलंय की," ती मलाच म्हणाली. मीठ तिने मोरीत ओतले.

मला तेव्हा बरे वाटले. मित्रांनो, माझ्या अपराधाची पहिली नोंद हीच. कोणी आपल्याला न तपासता जवळ धरले, याचा मला आनंद झाला.

त्यानंतर ते मीठ पुन्हा भिजले नाही. ज्या बाईने चौतीस वर्षांत एकाही गवळ्याचा शब्द तपासल्याशिवाय घेतला नाही, तिने माझा घेतला. आणि ती स्वच्छतेची वेडी. दर गुरुवारी, जी मर्वची वेळ होती त्या वेळेला, ती सगळे धुणीघर स्पिरिटने आणि ब्लीचने पुसून काढायची. बशांत परकी बुरशी शिरू नये म्हणून ते करणे भागच होते. पण त्या वाफा माझ्या पापुद्र्यात बसत गेल्या. तो ओलावा कमी पिऊ लागला. वर्षाला जेमतेम दोन टक्के. महिन्याला म्हणाल तर दिसणारही नाही इतके. मला काही दुखले नाही. माझ्या लेखी पंधरा म्हणजे पंधराच होते. मी सरकत होतो आणि माझ्याबरोबर माझी मोजपट्टीही सरकत होती. आजारी माणसाला निदान कणकण तरी जाणवते.

हे मी बचाव म्हणून सांगत नाही, कारण साक्षीदार दोन आले होते, आणि तेव्हा तरी मला कळायला हवे होते.

पहिले साक्षीदार मणी. पाचव्या वर्षी ते निळ्याचे जांभळट झाले. ओल लागल्याची ती सरळ खूण. ग्लेनिसने माझ्याकडे पाहिले, मी पंधरा दाखवत होतो. "रंग जुना झालाय वाटतं," ती म्हणाली आणि मणी तसेच राहू दिले.

दुसरा साक्षीदार पिवळा. आल्डोचे आईवडील इटलीहून आलेले, आणि दर जूनमध्ये त्याच्या घरी सलामी, म्हणजे आतड्यात भरून वाळवायचे मसालेदार मांस, घालायचा मोठा दिवस असे. घरामागच्या थंड खोलीत सलामी टांगायच्या, तर तिथला दमटपणा सांभाळावा लागतो. नाहीतर वरून वाळतात आणि आतून नासतात. त्यासाठी त्याने खिळे-मोळे विकणाऱ्या दुकानातून पिवळ्या प्लास्टिकचा एक स्वस्त सेन्सर आणला होता. मीठ कसे भिजवायचे ते त्याला ग्लेनिसनेच शिकवलेले. तो ते दर जूनमध्ये न चुकता करायचा, पिवळ्याच्या पाठीवर फरक पेन्सिलीने लिहायचा. एकदा तो सलामीचा तुकडा घेऊन धुणीघरात आला, खिशात पिवळा होताच. गंमत म्हणून त्याने तो माझ्या शेजारी ठेवला. चहा पिऊन होईपर्यंत पिवळा तेवीसवर स्थिरावला.

"तुझा पंधरा म्हणतोय, माझा तेवीस. कोणाचं खरं?"

"आल्डो, तो तुझा पिवळा बेकरीतल्या एका मीट-पायच्या भावात आलाय."

"मीट-पाय पोटात तरी जातो. तुझा एवढा भारी, त्याला विचार की."

"असले स्वस्तातले सेन्सर विसाच्या खाली आंधळे असतात. सलामीला चालतात. इथे नाही."

म्हणणे खोटे नव्हते. असे सेन्सर खालच्या अंगाला खरेच कच्चे असतात. शहाणी माणसे चूक करतात तेव्हा तिला आधाराला एखादे खरे वाक्य नेहमीच सापडते. आल्डोने खांदे उडवले आणि पिवळा खिशात टाकला. जाता जाता पिवळ्याने माझ्याकडे एकदा पाहिले. त्या पाहण्यात रागही नव्हता, आणि तेच मला जास्त लागले. मला शंका आली. पण दहा मिनिटांनी पुन्हा दाखवायची वेळ आली तेव्हा मी पंधराच दाखवले, अगदी ठाम.

मर्व गेल्यानंतरच्या प्रत्येक मोसमाचे बी ग्लेनिसने कपाटातच ठेवले. मर्व नव्हता, काच बंद करणारे कोणी नव्हते, म्हणून कागदी पाकिटांत. प्रत्येक पाकिटावर तारीख आणि माझा आकडा. एकशे दहा पाकिटे. माझ्या शब्दावर.

मग तो जानेवारी आला. आमच्याकडे तेव्हा ऐन उन्हाळा असतो; वणवा पसरू नये म्हणून रस्त्याकडेचे गवत खरवडणारे यंत्र दफनभूमीच्या बाजूने फिरले. चालकाच्या नकाशावर तो उतार म्हणजे नुसते वाळके गवत होते. तासाभरात त्र्याऐंशी झाडांचे कंद मातीसकट एका ढिगात गेले. ग्लेनिस पोचली तेव्हा ढीग कडक उन्हात पडला होता. ती आणि आल्डो तीन दिवस तो ढीग चाळत होते. एकही कंद सबंध निघाला नाही.

वनखात्याची शोना वॉडली गाडी घेऊन आली. तरुण मुलगी, डोळे लाल झालेले. उतार बघून ती तडक धुणीघरात आली आणि कपाटासमोर उभी राहिली.

"ग्लेनिस, हे कपाट नसतं ना, तर मी आज राजीनामा दिला असता."

"मग राहू दे राजीनामा," ग्लेनिस म्हणाली. "नऊ वर्षांचं बी आहे. एक दिवसही पंधराच्या वर गेलेलं नाही." आणि तिने माझ्या डोक्यावर दोन बोटांनी टपली मारली. लाडाने.

मित्रांनो, ती टपली मला आजही आठवते.

फेब्रुवारीत पेरणी झाली. बशांत ओट्सची पातळ पेज, त्यात बुरशी, वर धुळीसारखे बी. बावीस बशा. सहाएक आठवड्यांत टाचणीच्या टोकाएवढे हिरवे ठिपके यायला हवे होते. एप्रिल उजाडला. बुरशी मजेत वाढली, पेज खाऊन जाड झाली. ठिपका एकही नाही. पुन्हा बावीस बशा. मे संपला.

ग्लेनिसने एकेकाला दोष द्यायला सुरुवात केली. आधी ओट्सला, मग पाण्याला, मग बुरशीला. माझ्याकडे तिने प्रत्येक वेळी पाहिले आणि प्रत्येक वेळी समाधानाने मान फिरवली. शेवटी तिने स्वतःचे हात पुढे धरले. एकाहत्तर वर्षांचे हात, जरा थरथरणारे.

"हेच आहेत," ती शोनाला फोनवर म्हणाली. "चिमटा धरताना हलतात. काहीतरी घाण आत जात असणार. तू ही बुरशी घेऊन जा, दुसऱ्या कोणाला तरी दे. मी धुणीघर बंद करते. कपड्यांचं यंत्र परत आत आणते."

मी ते सगळे ऐकले आणि पंधरा दाखवले.

जूनच्या सलामीच्या आधी, शुक्रवारी सकाळी, आल्डो आला. मिठाच्या बरणीचे झाकण त्याच्याकडे फुटले होते, ते मागायला, बरणी आणि पिवळा बरोबर घेऊनच. धुणीघरात खोकी भरलेली बघून तो दारातच थांबला.

"हे काय चाललंय?"

"आवरतेय. माझे हात गेले, आल्डो."

"काल माझ्या गाईच्या कानातला काटा काढलास त्याच हातांनी."

"गाय मोठी असते."

आल्डोने झाकण घेतले, बरणी तिथेच तिच्या ओट्यावर मांडली, मीठ भिजवले आणि पिवळा आत टांगला. मग माझ्याकडे बोट दाखवले. "तोही टाक."

"नको."

"का? बुडणार आहे का तो?"

"त्यावर मर्वची सही आहे."

आल्डोने टोपी काढली. "ग्लेनिस, मर्व माझाही मित्र होता. पण तो माणूस होता, मीठ नव्हता. अगं, मला हे तूच शिकवलंस ना? मी दर वर्षी करतो आणि तू करत नाहीस?"

ग्लेनिसने मला लेबलासकट उचलले आणि बरणीत टांगले. झाकण बसले. दोघे समोर खुर्च्या टाकून बसले. चहा झाला, सलामीचा जुना तुकडा संपला, दुपार उतरली. पिवळ्याने चौऱ्याहत्तर दाखवले. मी एकसष्ट.

मी तासभर एकसष्टच दाखवत राहिलो. दर दहा मिनिटांनी. काच धुरकट झाली असती तर मला हवेच होते. ती आरशासारखी स्वच्छ होती.

"चौदा," ग्लेनिस म्हणाली. तिचा आवाज ऐकून आल्डोने खुर्ची जवळ ओढली. "पंधरा म्हणून मी जवळजवळ तीसवर ठेवत होते, आल्डो. वर्षानुवर्षं. मी बी वाळवलं नाही, उबवून मारलं." तिने मला आपटले नाही. आपटले असते तर बरे झाले असते. तिने मला ओट्यावर अलगद ठेवले आणि स्वतःच्या हातांकडे पाहत राहिली. त्या हातांवर जो आळ होता, तो माझा होता.

पण ती शेवटी प्रयोगशाळेतली बाई. थोड्या वेळाने तिने वह्या काढल्या आणि उलटे वाचायला लागली. शेवटचे मीठ कधी? मर्वच्या शेवटच्या मार्चात. तेव्हा मी पंच्याहत्तर होतो. म्हणजे त्याआधीचे माझे सगळे आकडे खरे. त्याआधी सुकवलेले बी...

ती उठली आणि घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात लोण्यामागच्या दोन काचनळ्या होत्या. तोंडे वितळवून बंद केलेली. मर्वची.

"ह्या फोडायच्या नव्हत्या मला," ती म्हणाली. "कधीच."

"ठाऊक आहे," आल्डो म्हणाला. "दरवर्षी फ्रिज पुसताना तू त्या उचलून पुन्हा ठेवतेस. मी बघतो ना."

आधी तिने मला पालथे केले. पातेच घेतले, नख नाही. लेबल सबंध निघेल असे हळूहळू काढले आणि वहीत मार्चच्या पानावर चिकटवले. सही कुठेही फाटली नाही. तिचे हात अजिबात हलले नाहीत, हे मी स्वतः पाहिले. मग तिने नळ्या कापडात गुंडाळल्या आणि एकेक मोडली. काच तुटल्याचा आवाज फार लहान होता.

सहा बशा पेरल्या. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या बशीत हिरवा ठिपका आला. मग चौथीत. सगळे मिळून नऊ झाले आणि तिथेच थांबले. शोना भिंगातून बघता बघता रडली. आल्डोने तिला सलामी दिली, त्याच्याकडे दुसरे औषध नसते.

नऊ. तिथे त्र्याऐंशी होती. मधल्या एकशे दहा पाकिटांचा हिशेब कोणी माझ्याकडे मागितला नाही, म्हणून तो माझ्यावरून उतरला असे नाही.

मला वाटले होते, आता खोक्यात जाऊ. गेलो नाही. ग्लेनिसने मला नवे लेबल लावले. त्यावर तिच्या मोठ्या, उभ्या अक्षरात लिहिले आहे: "पंच्याहत्तरला एकसष्ट दाखवतो. चौदा मिळवा. पुढची तपासणी मार्च." नऊ वर्षांत माझ्या अंगावर इतके खरे काही नव्हते. पिवळ्याला आल्डोने कायमचा माझ्या शेजारी आणून ठेवला आहे. सलामीसाठी त्याने दुसरा घेतला.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना तुम्ही घरात आणाल, जपाल, पुसाल. पण ज्याच्यावर तुमचा जास्त जीव असेल, त्यालाच आधी मिठावर टांगा. त्याचा अपमान होत नाही. मला तर वाटते, मर्वने मला दोनदा टांगले, तेवढ्याच दोन वेळा मला कोणी खरे जवळ केले.

आज मार्चातला गुरुवार आहे. मीठ भिजले आहे, आमची पाळी दुपारी आहे. तोवर कपाटात मी एक दाखवतो आहे आणि पिवळा पंधरा. ग्लेनिस दार उघडते, आधी माझ्याकडे बघते, ओठांतल्या ओठांत चौदा मिळवते, मग पिवळ्याकडे बघते. आणि मगच दार लावते.